किलकिले, मिचमिचे आणि मधला जावई

माझे सासरे वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते आणि बायको डोळ्यांची डॉक्टर आहे. धंदा दोघांचाही अक्षरांचा. अक्षर चुकलंय का, हे ते बघायचे. अक्षर दिसतंय का, हे ती बघते. त्यामुळे आमच्या घरात जेवताना मिठावरून कधी वाजत नाही, शब्दावरून वाजतं. परवा 'किलकिले' या शब्दावरून वाजलं आणि भाजी गार होईपर्यंत वाजत राहिलं. त्यातलं जमेल तेवढं इथे उतरवतो. जावई असल्यामुळे उघडपणे कुणाची बाजू घेणं मला परवडत नाही, पण मधेमधे कंसात बोललो तर चालावं.

डॉक्टर : आज एक बाई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. काय होतंय, विचारलं. म्हणे, 'डोळे किलकिले करतो.' पुढे एक शब्द नाही. आता मी यावरून काय समजायचं? लांबचं दिसत नाही म्हणून करतो, उजेड सोसत नाही म्हणून करतो, डोळे खाजतात म्हणून करतो, का कुणाची नक्कल करतो? चार वेगळी दुखणी आणि शब्द एकच. असला ढिसाळ शब्द काय कामाचा?

बाबा : शब्दाला ढिसाळ म्हणू नकोस. बाईला जे दिसलं ते तिनं सांगितलं. कारण तिला ठाऊक असतं तर ती तुझी फी कशाला भरती?

डॉक्टर : दिसलं ते तरी नीट सांगावं.

बाबा : नीटच सांगितलं. तुझा कान तयार नाही. मराठीत डोळे लहान करायचे प्रकार किती आहेत, कधी मोजलेस का? झोपेतून उठवलं आणि कुणी फटकन दिवा लावला, तर डोळे किलकिले होतात. समोरून एसटी येतेय, पाटी वाचता येत नाही, तेव्हा माणूस डोळे बारीक करतो. तिथे किलकिले कुणी म्हणत नाही. चुलीपुढे बसलेल्या म्हातारीचे डोळे मिचमिचे असतात. आणि मिचकावतो तो मुद्दाम, कुणाला तरी खूण म्हणून. हे चार शब्द चार ठिकाणचे आहेत. बाई 'बारीक करतो' म्हणाली असती, तर लांबचं दिसत नसेल ही शंका तुला यायला हवी होती. 'किलकिले' म्हणाली, म्हणजे उजेडाचं काहीतरी आहे. अर्धं निदान तिनं तुझ्या हातात दिलं आणि तू ते कचऱ्यात टाकलंस.

(सासऱ्यांनी इथे एक गुण मिळवला, हे बायकोच्या थांबण्यावरून कळलं. पुढच्या घासाला ती मुद्द्याकडे वळली.)

डॉक्टर : बरं, तुमचं एक मान्य. उजेड आणि लांबचं, या दोन गोष्टी शब्दांतून वेगळ्या निघतात. पण सगळ्या आया तुमच्यासारखं मोजून-मापून बोलतात कुठे? निम्म्या जणी 'डोळे बारीक करतो' आणि 'किलकिले करतो' हे एकाच श्वासात म्हणतात. इंग्रजीत तर आणखी गोंधळ. तिथला 'स्क्विंट' बोलीत डोळे बारीक करण्याला वापरतात आणि आम्ही डॉक्टर लोक तोच शब्द तिरळेपणाला वापरतो. रिपोर्टवर 'स्क्विंट' वाचून एक वडील मला म्हणाले होते, 'अहो, तो काही मिचमिच करत नाही, उगाच काय लिहिलंत?' मुलाचा डावा डोळा सरळ नाकाकडे वळलेला होता.

बाबा : तो तुमच्या इंग्रजीचा प्रश्न. मराठीत तिरळा वेगळा, किलकिला वेगळा. घोळ नाही.

डॉक्टर : घोळ आहे, त्यावर येतेच मी. आधी मला सांगा, लांबचं न दिसणारा माणूस डोळे बारीक का करतो?

बाबा : जोर लावून बघतो म्हणून.

डॉक्टर : जोराचा काही संबंध नाही. थांबा.

तिनं फ्रिजवरच्या टाचण्यांच्या डबीतून एक टाचणी घेतली, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला आणि त्याला बारीक भोक पाडलं. मग बाबांचा चष्मा काढून घेतला, खिडकीजवळ उजेडात सकाळचं वर्तमानपत्र धरलं आणि म्हणाली, एक डोळा झाका आणि दुसऱ्यापुढे हे भोक धरून वाचा. बाबांना जवळचं वाचायला चष्मा लागतो, त्याशिवाय त्यांच्या लेखी वर्तमानपत्र म्हणजे राखाडी चौकोन. त्यांनी नाइलाजानं भोकाला डोळा लावला. आणि वाचू लागले. आधी मथळा, मग खालचा मजकूर, मग अगदी तळाची छोट्या टाइपातली जाहिरात. भोक बाजूला केलं की सगळं पुसट, परत धरलं की काळंभोर. दोनतीनदा त्यांनी ते करून बघितलं. ('शाईच बदलल्यासारखी वाटते,' असं ते म्हणाले. मुद्रितशोधकाचीच उपमा.)

डॉक्टर : यात भिंगबिंग काही नाही. डोळ्यात प्रकाश नीट एका जागी जुळला नाही, तर पडद्यावर ठिपक्याऐवजी धुरकट चकती पडते. शेजारशेजारच्या चकत्या एकमेकींत मिसळतात, म्हणून अक्षर पुसट दिसतं. भोक लहान केलं की प्रत्येक चकती लहान होते आणि अक्षर सुटं होतं. आम्ही दवाखान्यात साधारण सव्वा मिलिमीटरच्या भोकांची काळी पट्टी ठेवतो. रुग्णाला त्यातून तक्ता वाचायला लावायचा. नीट वाचता आला तर बहुतेक वेळा प्रश्न नंबराचा असतो, चष्म्यानं सुटेल. भोकातूनही दिसत नसेल, तर मागच्या पडद्याची, नसेची काळजी करायची. पाटी वाचणारा माणूस पापण्या जवळ आणतो तेव्हा न शिकता हीच पट्टी तयार करतो. फरक एवढाच, की त्याची फट आडवी असते.

बाबा : म्हणजे डोळे बारीक करणारा माणूस स्वतःचाच चष्मा करतो.

डॉक्टर : हो, आणि त्यामुळेच तो सापडत नाही. मुलाला वाटतं दिसतंय, आईला वाटतं सवय आहे, बाई त्याला पुढच्या बाकावर बसवतात आणि सगळं निभावतं. दोन वर्षांनी चष्मा लागतो तो एकदम मोठ्या नंबराचा. आमच्याकडे लांबचं न दिसण्याला 'मायोपिया' म्हणतात. तो ग्रीक शब्द आहे. मिटणं आणि डोळा, या दोन शब्दांपासून झालेला. लांबचं न दिसणारी माणसं पापण्या जवळ आणतात, हे त्या जुन्या लोकांनी पाहिलं आणि तेच नाव आजाराला दिलं.

बाबा : (ताट सरकवून) मग झालं की! तुमच्या शास्त्रानं आजाराचं नावच मुळी किलकिल्या डोळ्यांवरून ठेवलंय, आणि तीच गोष्ट मराठी आईनं सांगितली की शब्द ढिसाळ!

(दुसरा गुण. माझ्या मते हा पहिल्यापेक्षा मोठा होता, पण ग्रीक शब्द बायकोनंच पुरवला असल्यामुळे अर्धा गुण तिलाही द्यायला हवा.)

डॉक्टर : उजेडासाठी फट करणं तर माणसानं कधीच हेरलंय. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातले इन्युइट लोक हाडाचे, शिंगाचे, वाहून आलेल्या लाकडाचे चष्मे करत. त्यांना काच नाही, नुसती बारीक आडवी फट. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना अक्षरशः भाजतं, त्यापासून बचाव म्हणून. किलकिल्या डोळ्यांचा मुखवटाच तो.

बाबा : आपल्याकडे त्या मुखवट्याची गरज नव्हती. अल्बम काढ आमचा. अंगणात काढलेल्या जुन्या फोटोंत सगळं घराणं किलकिलं आहे. तेव्हाचा फोटोग्राफर सूर्य स्वतःच्या पाठीशी घ्यायचा, म्हणजे ऊन थेट आमच्या तोंडावर. आमच्या आईचे डोळे चांगले टपोरे होते, पण फोटोंवरून कुणाला ते पटायचं नाही.

डॉक्टर : ते फोटो आमच्या कामाचे असतात. मुलाचा डोळा कधीपासून वळतोय असं विचारलं की आईबाप म्हणतात, 'परवापासून.' मग मी जुने फोटो मागते. दोन्ही बुबुळांवर चकाकीचा ठिपका एकाच जागी पडलाय का, ते बघायचं. एका डोळ्यात ठिपका मधोमध आणि दुसऱ्यात सरकलेला असेल, तर 'परवा' म्हणजे कधी कधी वाढदिवसाच्या केकपर्यंत मागे जातं. उलटही होतं. तान्ह्या बाळाचं नाक बसकं असतं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते, म्हणून ते तिरळं दिसतं पण तिरळं नसतं. ठिपका दोन्हीकडे जागच्या जागी असतो. तपासून झालं की अशा आईला हसून घरी पाठवते.

बाबा : आता त्या 'मिचमिचे'कडे ये. त्याला तू ढिसाळ म्हणालीस की भांडेन मी.

डॉक्टर : ढिसाळ नाही म्हणणार. तो शब्द मला जुन्या केसपेपरसारखा वाटतो. तुमच्या लहानपणी गावात किती जणांचे डोळे मिचमिचे होते?

बाबा : म्हाताऱ्यांत तर घरटी एक तरी. लाल, पाणावलेले, कडांना चिपडं, पापण्यांचे केस गेलेले. उजेडात आले की उघडझाप सुरू.

डॉक्टर : त्यातल्या पुष्कळांना खुपऱ्या असणार. ट्रॅकोमा. पापणीच्या आतल्या बाजूला दाणे येतात, पुन्हा पुन्हा संसर्ग झाला की तिथे व्रण होतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. ज्याच्या डोळ्यावर रात्रंदिवस केस घासतायत तो डोळे सताड उघडे ठेवेल कसा? एकाच्या हातानं, टॉवेलानं, माशांनी ते दुसऱ्याकडे जायचं. पाणी कमी, माणसं दाटीवाटीनं. शिवाय चुलीचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली जाहीर केलं, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून ट्रॅकोमा संपला. शिकताना मी खुपऱ्या पुस्तकात पाठ केल्या, माझ्याहून लहान डॉक्टरांना तर तो शब्दही ठाऊक नाही.

बाबा : आजार गेला, शब्द राहिला.

डॉक्टर : शब्द नुसता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. तो दुसऱ्यांच्या अंगावर जाऊन बसलाय. मी पुण्यात शिकत होते तेव्हा आमच्याबरोबर मणिपूरची एक मुलगी होती. वॉर्डातले लोक तिला समोरासमोर 'ती मिचमिची' म्हणायचे. रुग्णांचे नातेवाईक म्हणायचे, काही कर्मचारीही म्हणायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. अहो, ती मोतीबिंदूचे टाके घालायची, आमच्या सगळ्यांहून स्थिर हातानं. तिचे डोळे ना लाल, ना पाणावलेले, ना उघडझाप. वरच्या पापणीची ठेवण वेगळी, एवढंच. त्यानं दिसायला तसूभरही कमी होत नाही. निरोगी डोळ्याला तुम्ही आजारी डोळ्याचा शब्द लावताय.

बाबा : मान्य आहे. जपान-चीनच्या प्रवासवर्णनांत तो शब्द ठोकळ्यासारखा यायचा. लिहिणाऱ्याला त्या माणसांचं दुसरं काही वर्णन सुचत नसे.

डॉक्टर : नुसतं वर्णन म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. ईशान्येकडच्या लोकांना इतर राज्यांत काय सोसावं लागतं ते बघायला केंद्र सरकारनं २०१४ साली बेझबरुआ समिती नेमली होती. वंशावरून केलेल्या शेरेबाजीसाठी कायद्यात तरतूद करा, अशी तिची शिफारस होती. एका विशेषणाचा प्रवास कुठपर्यंत जातो, बघा.

बाबा : पण म्हणून कोशातून शब्द खोडायचा का? मी उभा जन्म शब्द जागेवर बसवण्यात घालवला, एकही काढून टाकला नाही. 'मिचमिचे' गेला तर आमच्या गावची ती म्हातारी मी कशी सांगू?

डॉक्टर : म्हातारीचे डोळे मिचमिचे *होते*, असं सांगा. म्हातारीला मिचमिची म्हणू नका. मला फरक तिथे दिसतो. 'किलकिले' हा शब्द माणसाच्या अंगाला चिकटत नाही, कारण ते डोळ्यांचं तेवढ्यापुरतं करणं आहे. दिवा मालवला की डोळे परत उघडतात आणि शब्द गळून पडतो. गावात किलक्या नावाचा माणूस कुणी पाहिलाय का? पण चकण्या सापडतो, काण्या सापडतो, मिचक्या सापडतो.

(चकण्या म्हटल्याबरोबर मला शेंगदाणे आठवले, आणि मी ते मोठ्यानं बोललो. सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्या शब्दात ख आहे, चखणा, असं सुनावलं. मद्यपानाबद्दल मात्र काही बोलले नाहीत.)

बाबा : तुझं सूत्र चांगलं आहे, पण सगळीकडे लागू पडेल असं नाही. ललिता पवारांचं काय करशील? बारीक झालेला तो डावा डोळा काढून घेतला तर अर्ध्या हिंदी सिनेमाची सासू संपली. तो डोळा तर त्यांना कायमचा चिकटला होता आणि त्यांनी तो कलेसाठी वापरला.

डॉक्टर : बरं झालं तुम्हीच नाव काढलंत. तो डोळा आला कुठून? १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड भलतीच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा. उपचारांत काही वर्षं गेली. त्याआधी ही बाई नायिका होती.

बाबा : 'नेताजी पालकर'मध्ये होत्या त्या. भालजी पेंढारकरांचा चित्रपट.

डॉक्टर : आणि अपघातानंतर नायिकेची कामं संपली. मग चरित्र भूमिका, मग खाष्ट सासवा, शेवटी १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायण'मध्ये मंथरा. पडद्यावर तो डोळा दिसला की प्रेक्षक म्हणायचे, 'बघ कशी कावेबाज बघतेय.' ती बघत होती जशी तिला बघता येत होतं तशी. दुखापतीला तुम्ही स्वभाव म्हणालात. केसपेपर न बघता मी कुणाचं निदान करत नाही, त्यामुळे नस नेमकी कुठे दुखावली ते सांगणार नाही. पण दुष्टपणा पापणीत नसतो, एवढं केसपेपर न बघता सांगते.

बाबा : तू फक्त सासवा पाहिल्यास. 'अनाडी'तली मिसेस डिसा आठव. १९५९. घरभाड्यावरून राज कपूरवर खेकसणारी आणि आतून त्याच्यावर जीव टाकणारी घरमालकीण. तोच डोळा, तीच पापणी. पण तिथे तो डोळा मायेनं ओला दिसतो. फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला त्यांना त्या कामाचा. 'श्री ४२०'मध्ये केळी विकणारी गंगामाई, तिथेही तसंच. आता बोल.

डॉक्टर : काय बोलू, हे तर माझ्याच बाजूचं झालं! एकाच डोळ्यात एकदा कपट दिसतं आणि एकदा माया दिसते, म्हणजे ती डोळ्यात नाहीच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. त्याच्याही पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत. तिथे आपण करुणा म्हणतो, 'अर्धोन्मीलित' असा भारदस्त शब्द वापरतो. तेवढ्याच उघड्या डोळ्यांना भिंतीवर करुणा, पडद्यावर कावा आणि वॉर्डात मिचमिची.

बाबा : आणि ललिताबाईंना हे तुझ्या-माझ्या आधी कळलं होतं. डोळा जिथे होता तिथेच ठेवून बाकीच्या चेहऱ्यानं त्याचा अर्थ बदलायचा. याला अभिनय म्हणतात. तू म्हणतेस प्रेक्षकांनी अन्याय केला. मी म्हणतो, बाईंनी त्या अन्यायाचीच भाकरी केली आणि वर पुन्हा 'अनाडी' करून प्रेक्षकांचे कान धरले.

(इथे मी कुणालाच गुण दिला नाही. 'अनाडी' पुन्हा पाहायचा ठरलं.)

भात वाढला गेला तेव्हा विषय डोळ्यांवरून दारांवर गेला. भोकातून वाचलेला तो सकाळचा मथळा बाबांच्या डोक्यात घोळत होता. दोन पक्षांच्या युतीची 'दारे किलकिली' झाली होती.

बाबा : हे मात्र बंद करायला हवं. युतीची दारं किलकिली, निर्यातीची दारं किलकिली, चर्चेची दारं किलकिली. रात्री मथळा सुचला नाही की उपसंपादक दार ढकलतो. माझ्या हातात असतं तर वर्षाला एकच किलकिलं दार छापू दिलं असतं.

डॉक्टर : मला आवडतो तो वापर.

बाबा : तुला?

डॉक्टर : नेमका आहे ना. दार किलकिलं म्हणजे आतलं दिसेल एवढं उघडं आणि आत जाता येणार नाही एवढं बंद. उघडणाऱ्याचा हात अजून कडीवर आहे. दुपारी बेल वाजली की अनोळखी माणसाला तुम्ही स्वतः दार तसंच उघडता. दोन पक्ष एकमेकांना असेच बघत असतील तर मथळा बरोबर आहे. डोळ्यापेक्षा दाराला तो शब्द जास्त चपखल बसतो.

बाबा : वापर बरोबर आहे गं, रोज आहे हे वाईट.

त्यावर दोघांचं एकमत झालं. आमच्याकडे हे क्वचित घडतं, म्हणून मी पटकन ताटं उचलायला लागलो. पण सुरुवातीचं भांडण मिटलं नव्हतंच.

बाबा : ते राहूदे. त्या मुलाचं काय झालं? किलकिले करतो म्हणालीस तो.

डॉक्टर : तेच सांगायचं होतं. तुमच्या मराठीत घोळ आहे म्हणाले ना, तो इथे आहे. तपासलं तर नंबर जवळजवळ नाही. खाज नाही, लाली नाही. मग आईला खोदून विचारलं, कधी करतो? म्हणाली, शाळा सुटल्यावर उन्हात आला की. दोन्ही डोळे? म्हणाली, 'नाही, एकच. डोळा मारल्यासारखा. बाईंनी तक्रारही केली, मुलींना डोळा मारतो म्हणून. ह्याच्या आजोबांची खोड आहे तशी.' मग मी एक डोळा हातानं झाकून लांबचं बघायला लावलं आणि हात काढला. झाकलेला डोळा बाहेर, कानाच्या दिशेला सरकलेला होता, आणि हात काढल्यावर सावकाश जागेवर आला. अधूनमधून बाहेर जाणारा तिरळेपणा. मूल दमलं, तंद्रीत असलं, लांब बघत असलं की डोळा सुटतो. प्रखर उन्हात अशी मुलं एक डोळा मिटून घेतात. हे त्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे, पण मिटताना तिरळेपणा झाकला जातो आणि दिसते ती नुसती डोळा मारण्याची खोड.

बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्या जेवणातलं सर्वांत कामाचं वाटलं.

बाबा : बाईचा दोष नाही, आणि या वेळी तुझंही बरोबर आहे. बघ, 'किलकिला डोळा' असं एकवचनात कुणी म्हणत नाही. डोळे किलकिले होतात ते दोन्ही मिळून. एकट्या डोळ्यासाठी आपल्याकडे मारणं आहे, मिचकावणं आहे, आणि या दोन्हींत खोडी भरलेली आहे. एकच डोळा निरागसपणे मिटणाऱ्या मुलासाठी मराठीत सोय नाही. मग आईनं काय करावं? तुझ्यासमोर लाज वाटली म्हणून तिनं सभ्य शब्द घेतला, 'किलकिले करतो.' खरी गोष्ट त्या अनेकवचनात लपली.

डॉक्टर : आणि शाळेत मुलाला शिक्षा झाली.

बाबा : आता काय करणार त्याचं?

डॉक्टर : बघत राहायचं, मोजत राहायचं. डोळा किती वेळ सुटतो, दोन्ही डोळे मिळून बघणं टिकलंय का. लागलं तर चष्मा, लागलं तर शस्त्रक्रिया. हा लवकर आला, बरं झालं. ज्यांचा एक डोळा कायम वळलेला असतो त्यांचं घड्याळ फार वेगानं पळतं. मेंदूकडे दोन चित्रं वेगवेगळी येतात, म्हणून मेंदू एका डोळ्याचं चित्र बघायचंच सोडून देतो. डोळा वरून धडधाकट, पण दृष्टी कमी. आळशी डोळा म्हणतात. मग आम्ही चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतो, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. आज्या भांडतात, 'आजारी डोळा सोडून चांगल्याला कशाला बांधताय?' हे सगळं सातआठ वर्षांच्या आत केलं तर चांगला गुण येतो. पुढे मेहनत वाढत जाते आणि फळ कमी होत जातं. आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतं, तिरळं मूल नशीबवान असतं, असू द्या.

बाबा : मग तू लोकांना सरळ सांगत का नाहीस, काय बघायचं आणि काय सांगायचं?

ती म्हणाली, दिवसाला पन्नास जणांना सांगते, पण ते दवाखान्यात आलेले असतात, न आलेल्यांना कोण सांगणार? हे काम मग माझ्याकडे आलं, कारण घरात लिहिणारा मीच.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातलं मूल डोळे लहान करत असेल, तर त्याला रागावू नका आणि सवय म्हणून सोडूही नका. पुढे दिलेलं पाहून ठेवा : दोन्ही डोळे की एकच, एक असेल तर नेहमी तोच की आलटून-पालटून, लांबचं बघताना, उन्हात, की दमल्यावर संध्याकाळी. मोबाइलमधले त्याचे समोरून काढलेले जुने फोटो बरोबर घ्या आणि शाळेत घालायच्या आधीच एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तिथे किलकिले म्हणा, बारीक म्हणा, डोळा मारतो म्हणा, कोणताही शब्द चालेल. फक्त आकडा सांगायला विसरू नका, एक की दोन.